पाव बार हवा

२४ ऑगस्ट, रविवार

होडी आली. खोकं एवढं दांडगं होतं की कुरियरवाल्यानं विचारलं, फ्रिज आहे का. मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत लेआउटमधल्या अख्ख्या वस्तीला कळलं असतं. तरी कळायचं ते कळलंच, कारण आमचे रत्नाकर खिडकीतून ओरडले, "अलका, होडी आली का गं?"

समोरच्या गॅलरीत शिवलीला अक्का कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिमटा तोंडातून काढून विचारलं, "होडी? गोव्याला चाललाय काय ओ?" मी म्हटलं, "नाही अक्का, डायलिसिसला." त्या हसल्या नाहीत. गेल्या वर्षी सगळं त्यांनी वरून बघितलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात राजकालुवे, म्हणजे पावसाचा मोठा नाला, तुंबला आणि आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी भरलं. हेब्बाळचा मेन रोड गल्लीच्या टोकाला, तो उंचावर, तिथं रिक्षासुद्धा चालू होत्या. पण तिथवर जायचं कसं? रत्नाकरांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. एक खाडा झाला. दुसऱ्या दिवशीही पाण्यातून न्यायला ट्रॅक्टर मिळेना आणि यांच्या छातीत पाणी धरलं. हे उशा लावून बसलेले आणि मी शेजारी बसून त्यांचा श्वास ऐकत होते. ट्रॅक्टर आला तेव्हा ओठ निळे पडले होते. ते मला अजून दिसतं.

ऋचा पुण्याहून धावत आली, आणि जाताना लेकीनं आईला दम भरला: पुन्हा एकदा असं झालं तर हे घर विकायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. मी इथल्या कानडीत सरी, म्हणजे बरं, म्हटलं. काय बोलणार? हे घर आम्ही दोघांच्या पगारातून बांधलंय, इथली प्रत्येक खिडकी मी भांडून मोठी करून घेतलीय. मला इथून जायचं नाही. पण यांना तसं पुन्हा गुदमरलेलं मी बघू शकणार नाही, हेही तितकंच खरं. म्हणून होडी.

२५ ऑगस्ट, सोमवार

गाडी रस्त्यावर लावली आणि पोर्चमध्ये होडी पसरली. दोन्ही बाजूंना दोन नळ्या, खाली तळ. हवा भरायला पायाचा पंप. प्रत्येक नळीत हवा किती? पाव बार. गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन असते, इथं फक्त पाव. कमी भरली तर माणसं बसल्यावर होडी मध्येच दुमडते, जास्त भरली तर शिवण उसवते. सोबत आलेला मीटर मी आधी जुन्या लॅबमध्ये नेऊन तपासून आणला. सगळी नोकरी विमानाच्या कारखान्यात दाबाचे मीटर तपासण्यात गेली, खोक्यातून आलेल्या काट्यावर मी विश्वास ठेवणार आहे थोडीच.

रत्नाकर खुर्चीत बसून कॉमेंटरी करत होते. "बास झालं की. टणक लागतेय."

"अहो, बोटाला काय कळतंय? बोटाला पाव आणि अर्धा सारखाच लागतो."

तेवढ्यात असोसिएशनचे सेक्रेटरी जयतीर्थ टायरात हवा भरायचं मशीन घेऊन हजर. धारवाडचे आहेत, त्यांचं मराठी कानडी चालीवर चालतं. "मॅडम, पायानं कशाला कष्ट घेताय? ह्यात टायरासारखं तीस पौंड लावून सोडा की, दोन मिनिटांत काम खलास."

मी म्हटलं, "तीस लावलं तर होडीही खलास आणि तुम्हीही." पण माणूस भला. पाणी आलंच तर होडी ओढायला मी येतो, असं स्वतःहून म्हणाले.

रत्नाकरांना जरा बसून बघा म्हटलं तर नाही म्हणाले. "मी काय सामान आहे?" आणि आत जाऊन पडले. गेल्या वर्षापासून हे असंच आहे. दवाखाना सोडून कुठं जायचं नाही, कशात मन घालायचं नाही. टेलिफोनच्या कारखान्यात असताना अख्ख्या कॉलनीचे रेडिओ दुरुस्त करायचे. आता साधा बल्ब गेला तरी मलाच हाक. अर्थात डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर, आहे, त्या हातावर ताण नको, म्हणून हत्यारांची पेटी मीच माळ्यावर टाकलीय. स्क्रूड्रायव्हर दिसला की यांना राहवत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस बेताचा. होडी फुगवूनच ठेवलीय, खिडकीच्या गजाला बांधून. रोज संध्याकाळी दिवा लावला की मीटर लावते. वेळ तीच हवी. दुपारी ऊन असलं की आतली हवा तापते आणि काटा उगाच वर जातो, पहाटे गारठ्यात खाली येतो.

रत्नाकर म्हणाले, "सकाळी माझं वजन, दुपारी माझं पाणी, संध्याकाळी तिची हवा. तुझा दिवस मजेत जातो."

मी म्हटलं, "दोघंही मापात राहिलात तर मला कशाला त्रास?"

हसतील असं वाटलं होतं. नाही हसले.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. इथली आयुधपूजा म्हणजे काय विचारता. सकाळपासून सगळ्या गाड्या धुऊन उभ्या, झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, रस्त्यात कोहळे फोडलेले. रत्नाकर बऱ्याच दिवसांनी स्वतःहून म्हणाले, "होडीचीही पूजा करू या. वाहन आहे ना ते?"

मला आनंद झाला, पण मी बजावलं. हळद-कुंकू लावा, फुलं वाहा, हार दोरीला बांधा. टाचणी नाही, उदबत्ती नाही, आणि नारळ तर अजिबात फोडायचा नाही. ते म्हणाले, "नारळाशिवाय कसली आयुधपूजा?" मी म्हटलं, "करवंटी किती धारदार असते ठाऊक आहे ना?" तोंड पाडून हार घेऊन बाहेर गेले.

मी आत पुरण वाटत होते. बाहेर दिवसभर फटाफट नारळ फुटत होते. एक तर इतक्या जवळ फुटला की दचकले. जयतीर्थांनी नवीन स्कूटर घेतलीय, तिचाच असणार.

दुपारी बाहेर येऊन पाहिलं तर होडी छान नटवली होती. हार, कुंकू, दोन्ही टोकांना लिंबं. मात्र थोडी सरकलेली दिसली. म्हणाले, "जरा वाकडी होती, सरळ केली." डाव्या हातानं ओढली नाहीत ना, एवढं मी विचारून घेतलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा, पण वारानं यांचं डायलिसिस, त्यामुळे सण दवाखान्यातच. पोर्च झाडताना करवंटीची एक कपची सापडली, चांगली सुरीसारखी. लोकांना अक्कल नाही, फोडतात आणि तुकडे दुसऱ्याच्या दारात उडवतात. जयतीर्थांना बोलायला हवं. सणाचा दिवस म्हणून सोडलं.

संध्याकाळी उजव्या नळीचा काटा शून्य दशांश एकवीसवर. कालपासून गारठा आहे, त्याचा परिणाम. तरी झडप घट्ट पिळली आणि पाववर आणली. रत्नाकर शेजारी उभं राहून बारीक नजरेनं बघत होते. एरवी फिरकत नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

काल पाव. आजही बरोब्बर पाव. झडपच सैल होती, दुसरं काही नाही. इतकी वर्षं केलेलं काम वाया जात नाही, असं जरा मोठ्यानंच बोलून दाखवलं. रत्नाकर म्हणाले, "वा." एवढंच. पण बोलले.

शिवाय हल्ली मला म्हणतात, "दुपारी थोडं पडत जा. किती दमतेस. मी पेपर वाचत बसतो." मला भरून आलं. आजारपणापासून हे वाक्य ऐकलं नव्हतं. मीही पडते आणि मेल्यासारखी झोपते.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागरी. मसाल्याचं दूध केलं, यांना वाटीच्या तळाशी दोन घोट. पाणी मोजून प्यायचं म्हणजे दूधही मोजूनच. चाटून पुसून प्यायले आणि म्हणाले, "काजू जास्त टाकले असतेस तर दात तरी कामाला लागले असते." आणि भूक लागली म्हणून एक पोळी जास्त घेतली. हे काय नवीन?

काटा पाववर.

८ ऑक्टोबर, बुधवार

शिवलीला अक्का पायरीवर येऊन बसल्या. जातीच्या निपाणीकर, मनात काही राहत नाही. म्हणाल्या, "अक्का, दुपारी तुमच्यात काय वाजतंय ओ? फुस्स, फुस्स. कुकर लावताय काय?"

मी म्हटलं, "दुपारी मी झोपते. कुकर कोण लावणार?"

त्या "तुमचे सर लई कामाचे माणूस हाय हं," एवढं म्हणून तोंडाला पदर लावून हसत गेल्या. यात हसण्यासारखं काय, देव जाणे.

पण फुस्स फुस्स. गेल्या वर्षी छातीत पाणी धरलं तेव्हा यांचा श्वास असाच वाजत होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल दुपारी झोपले नाही, नुसती डोळे मिटून पडले होते. पण हे दर थोड्या वेळानं दारात येऊन बघून जात होते, आणि मग खरंच डोळा लागला. उठले तेव्हा हे खुर्चीत, कपाळावर घाम, श्वास लागलेला. विचारलं तर म्हणाले, "उकडतंय." पंखा चालू होता.

आज डायलिसिसला सिस्टर रंजिताला हळूच सगळं सांगितलं. तिनं तपासून डॉक्टरांनाही दाखवलं. छाती साफ आहे. दोन डायलिसिसच्या मधलं वजन नीट आहे, बीपी उलट सुधारलंय. "आंटी, अंकल तर एकदम फ्रेश दिसतायत. व्यायाम करतात का?" मी म्हटलं, कसला व्यायाम, खुर्चीतून उठत नाहीत.

मग घाम कसला? श्वास का लागतो? मशीनला दिसत नाही असं काही आत चाललंय का? आयुष्यभर काट्यावर विश्वास ठेवला, आता काटे सगळे ठीक म्हणतायत आणि मला झोप येत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळपासून पाऊस धरलाय. जयतीर्थांनी ग्रुपवर टाकलं: राजकालुवे काठोकाठ भरलाय, गाड्या वर नेऊन लावा.

होडी तपासली, पाव. पण मी मनानं ठरवलंय. उद्या दवाखान्यातून आल्यावर ऋचाला फोन करायचा आणि सांगायचं, बाई, तू जिंकलीस, आम्ही येतो. हे असे धापा टाकत असताना मी खिडक्यांचं कौतुक किती दिवस करू? लिहिताना रडू आलं. येऊ दे. इथं कोण बघतंय?

११ ऑक्टोबर, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवायचंय.

सकाळी उठले तर पाणी पायरीला लागलेलं आणि होडी पोर्चमध्ये तरंगत होती, दोरीला हिसके देत. गल्ली दिसत नव्हती, नुसतं तांबडं पाणी. मीटर लावला. डावी नळी ठीक. उजवी शून्य दशांश अठरा.

रात्रीत एवढी हवा गारठ्यानं उतरत नाही. पंप लावला, पाव केली. रत्नाकर मागे दवाखान्याची फाईल घेऊन उभे होते, म्हणाले, "अलका, थोडी जास्तच भर."

"जास्त म्हणजे किती? पाव म्हणजे पाव."

त्यांनी पंप उचलून काखेत मारला. मी म्हटलं, अहो, उगाच वजन कशाला? तर म्हणाले, "असू दे." आणि जे होडीत पाय ठेवायला तयार नव्हते ते मुकाट्यानं मागच्या बाजूला जाऊन बसले, पंप पायाशी ठेवून.

जयतीर्थ शब्दाला जागले. धोतर वर खोचून, कमरेइतक्या पाण्यात, एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात काठी. मॅनहोल कुठं उघडं असेल सांगता येत नाही म्हणून काठीनं चाचपत निघाले. शिवलीला अक्का वरून ओरडत होत्या, "डावीकडनं घ्या ओ, उजवीकडं गटार हाय."

निम्मी गल्ली गेली असेल. उजवी बाजू माझ्या मांडीखाली मऊ लागायला लागली. आधी वाटलं भास आहे. मग पाणी काठावरून आत आलं, यांची चप्पल भिजली. मेन रोड दिसत होता, पण अजून लांब. मागे घर, तेही तितकंच लांब. मी जयतीर्थांना थांबा म्हणणार होते, पण थांबून जायचं कुठं? डोळ्यांपुढे यांचे ते निळे ओठ.

आणि मागून आवाज आला. फुस्स. फुस्स. फुस्स.

वळून पाहिलं. रत्नाकरांनी पंपाची नळी झडपेत बसवली होती आणि पाय मारत होते. धांदल नाही. शिवणाचं मशीन चालवावं तसा एका लयीत पाय चालला होता, डावा हात शहाण्यासारखा मांडीवर ठेवलेला. कपाळावर घाम होता. श्वास लागला होता. तोच घाम, तोच श्वास. माझ्या मांडीखालची नळी हळूहळू घट्ट झाली.

थोड्या वेळानं पाय थांबवून म्हणाले, "बघ आता. पाव झाला असेल."

मी मीटर लावला. पाव.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"खंडेनवमीपासून."

"म्हणजे तो नारळ..."

"माझाच. जयतीर्थांवर उगाच राग धरू नकोस."

जयतीर्थांनी पुढून विचारलं, "माझं काय म्हणताय सर?" हे म्हणाले, "काही नाही, ओढा तुम्ही."

मग मी जी सुरुवात केली ती मेन रोड येईपर्यंत थांबले नाही. पायरीवर नारळ फोडता, कपचीवरून होडी ओढता, भोक पडलेल्या होडीत स्वतःचा जीव टाकता, वर मला झोपवून चोरून हवा भरता, आणि मी वेडी झडपेचं कौतुक सांगत बसले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, सायकलचा पॅच लावला होता, पण तो पुरता धरत नव्हता. रोज थोडी हवा जायची, रोज थोडी भरायची, एवढंच.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू पंपही माळ्यावर टाकला असतास."

लागलं मला ते. फार लागलं. यांचा जीव जपायचा म्हणून मी यांच्या हातातलं एकेक काढून घेत गेले, आणि हे का कोमेजले म्हणून देवाला विचारत बसले. मी पाण्याकडे तोंड करून डोळे पुसले. त्यांनी पाहिलं असणार, कारण पुन्हा पंप मारायला लागले, गरज नसताना.

रिक्षा मिळाली. डायलिसिस वेळेवर झालं. परतीलाही तसंच आलो, मी मीटर धरून आणि हे पंपावर.

ऋचाचा फोन आलाच. शिवलीला अक्कांनी वरून काढलेला व्हिडिओ कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवला होता. मला वाटलं आता रागावेल, घर विकायचं काढेल. पण ती म्हणाली, "आई, पंप मारतायत ते बाबा आहेत?" मी म्हटलं, "हो, तेच." तर रडायला लागली. पुण्याचं काही बोलली नाही. मीही काढलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पाणी ओसरलं. सकाळी स्टुलावर चढून हत्यारांची पेटी खाली काढली आणि टेबलावर ठेवली. रत्नाकरांनी झाकण उघडलं, एकेक स्क्रूड्रायव्हर पुसला आणि म्हणाले, "गंज धरलाय. तेल आण जरा." आणलं. डाव्या हातानं जोर लावायचा नाही, एवढं मात्र सांगितलं. तेवढं सांगणारच.

मग दोघांनी मिळून होडी उलटी केली, भोक शोधलं, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले, घासून चांगला पॅच लावला. वाळायला उद्यापर्यंत ठेवलाय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पॅच पक्का बसला. उजवी नळी कालही पाव, आजही पाव, कुणी हात न लावता.

चहाच्या वेळी रत्नाकर पोर्चमधून आत आले आणि पेपर उघडून बसले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "काही नाही. हवा उतरलीच नव्हती." रेडिओ दुरुस्त करून झालाय, मिक्सरही. दुपारी करायला काही नाही. रात्री एकच पोळी खाल्ली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी हे आंघोळीला गेले तशी मी पोर्चमध्ये गेले. इकडंतिकडं पाहिलं. समोरच्या गॅलरीत फक्त शिवलीला अक्का होत्या. उजव्या नळीच्या झडपेचं बूच काढलं, आतली पिन बोटानं दाबली, फस्सकन हवा गेली. एकवीसवर आणून सोडली. साऱ्या नोकरीत मी मुद्दाम चुकीचा आकडा एकदाही ठेवला नव्हता. बूच लावलं. अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी त्यांना बोटानं गप्प राहायला सांगितलं आणि आत येऊन डोळे मिटून पडले.

थोड्या वेळानं सुरू झालं. फुस्स. फुस्स. मी भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिले. गेल्या वर्षी याच पलंगापाशी बसून यांचा श्वास ऐकला होता, ते आठवलं. आज ऐकता ऐकता झोप लागली.

चहाला बसले तेव्हा रत्नाकर खुशीत होते. म्हणाले, "अलका, पॅच तू उत्तम लावलायस. एक थेंब हवा जात नाही. फक्त आज मी आंघोळीला गेलो तेवढ्यात उतरली."

मी म्हटलं, "दुपारी तसं होतं. हवामानाचा परिणाम." त्यांना संशय आला नसावा. बशीत चहा ओतला, मोजून अर्धा कप, आणि संध्याकाळी दोघांनी मिळून मीटर लावला. पाव.